हूल उठली, लाइन बसली: ईमेलमधल्या खोट्या व्हायरसबद्दल आणि डायल-अपच्या दिवसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९९७ पासून मी ठाण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्या पहिल्या सात-आठ वर्षांत मला जितके फोन खऱ्या व्हायरससाठी आले, जवळजवळ तितकेच खोट्यासाठी आले. आजही कुणाच्या जुन्या मेलबॉक्समध्ये तसली मेल सापडते, किंवा तोच मजकूर नव्याने व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

हूल म्हणजे काय? ती व्हायरसपेक्षा वेगळी कशी?

व्हायरस म्हणजे प्रोग्रॅम. तो कॉम्प्युटरवर चालावा लागतो, तेव्हाच काहीतरी बिघडवतो. हूल म्हणजे नुसता मजकूर: ‘अमुक नावाची मेल आली तर उघडू नका, हार्ड डिस्क पुसली जाईल, ओळखीच्या सगळ्यांना ताबडतोब कळवा.’ त्या नावाचा व्हायरस कुठेच नसतो. आपल्याकडे ‘हूल उठली’ म्हणतात ते याला चपखल बसतं, म्हणून इथे तोच शब्द वापरतो.

यातली सगळ्यात गाजलेली हूल कोणती?

‘गुड टाइम्स’. १९९४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ती अमेरिकेत उठली. ‘गुड टाइम्स’ असा विषय असलेली मेल उघडली की हार्ड डिस्क साफ होते, असा तिचा इशारा होता. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात कॉम्प्युटर सुरक्षेचं काम बघणारा सीआयएसी नावाचा गट होता. असा व्हायरस नाही, ही हूल आहे, असं त्यांनी त्याच डिसेंबरात जाहीर केलं. तरीही मेल पुढची कित्येक वर्षं फिरत राहिली, मजकूर वाढत गेला आणि अमेरिकेतल्या दूरसंचार आयोगानं, म्हणजे एफसीसीनं, इशारा दिल्याचं त्यात घुसलं. एफसीसी रेडिओ, टीव्ही, टेलिफोन यांचं नियमन करते. व्हायरसचे इशारे देणं तिचं कामच नाही. पण आपल्याकडे ती मेल वाचणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? मोठ्या सरकारी संस्थेचं नाव दिसलं की माणूस मान डोलावतो.

पुढे याच साच्यातून ‘पेनपॅल ग्रीटिंग्ज’, ‘जॉइन द क्रू’, ‘विन अ हॉलिडे’, ‘अ व्हर्च्युअल कार्ड फॉर यू’ अशी रांग लागली. नाव बदलायचं, मजकूर जवळपास तोच.

त्या मेलमधलं ‘एन्थ कॉम्प्लेक्सिटी इन्फिनिट बायनरी लूप’ म्हणजे काय?

काहीही नाही. शब्द खरे आहेत, पण एकत्र जोडले की त्यांना अर्थ उरत नाही. लूप म्हणजे त्याच त्या आज्ञा पुन्हा पुन्हा चालत राहणं. हा लूप सुरू झाला की प्रोसेसर खराब होतो, असं मेलमध्ये म्हटलं होतं. त्या काळातल्या प्रोसेसरला अनंत लूपमुळे काही होत नव्हतं. मशीन अडकायचं, बंद करून परत चालू केलं की सुरू व्हायचं.

पण नुसती मेल उघडून व्हायरस लागू शकतो का? हो की नाही, एकच सांगा.

एका शब्दात सांगितलं तर चुकीचं होईल. १९९४ मध्ये मेल म्हणजे साधी अक्षरं. ती वाचणं म्हणजे पोस्टकार्ड वाचण्यासारखं होतं. अक्षरं वाचून काही बिघडत नव्हतं, जोडलेली फाइल उघडली तरच धोका होता. आम्ही लोकांना छातीठोकपणे तेच सांगायचो.

नंतर मेलमध्ये रंग, चित्रं, वेबपानासारखी मांडणी आली आणि त्यासोबत छोटे प्रोग्रॅमही आले. १९९९ च्या नोव्हेंबरात ‘बबलबॉय’ नावाचा व्हायरस दिसला. आउटलुक एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मेल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये त्याची मेल नुसती प्रीव्ह्यूच्या खिडकीत आली तरी पुरत होती, क्लिक करायचीही गरज नव्हती. तो फारसा पसरला नाही, पण त्याच सुमाराला आलेला ‘काक’ भरपूर पसरला आणि २००१ च्या सप्टेंबरात ‘निम्डा’नं तर हाहाकार उडवला. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममधल्या ज्या फटींतून हे आत शिरत होते, त्या बुजवणारी दुरुस्ती आधीच उपलब्ध होती. पण डायल-अपवर, म्हणजे फोनच्या तारेवरून जोडलेल्या इंटरनेटवर, काही एमबीची दुरुस्ती उतरवून घ्यायला पाऊण-एक तास लाइन अडवावी लागे, म्हणून घरोघरी ती राहूनच गेली होती.

म्हणजे पाच वर्षं जे साफ खोटं होतं, ते पुढे काही अटींवर खरं ठरलं. मला या सगळ्यात सर्वांत जास्त त्रास याचाच झाला. ‘तुम्हीच तर म्हणाला होतात की नुसतं वाचून काही होत नाही,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की खाली बसून पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावं लागायचं.

तेव्हा घरी इंटरनेट कसं मिळायचं?

विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई पहिल्या शहरांपैकी एक. वर्षाचे ठरावीक तास विकत घ्यायचे आणि त्यासाठी हजारांत पैसे मोजायचे. विद्यार्थ्यांना स्वस्तातलं शेल खातं मिळे. त्यात चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, मेल वाचायला पाइन आणि वेबपानं बघायला लिंक्स. १९९८ च्या शेवटी खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, मग स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा तासांची पाकिटं मिळू लागली.

जोडणी फोनच्याच तारेवरून. मोडेम, म्हणजे कॉम्प्युटर फोनच्या तारेला जोडणारं यंत्र, नंबर फिरवणार, पलीकडे एंगेज लागणार, पुन्हा फिरवणार. लागला की घरातला फोन बंद. आतल्या खोलीत कुणी एक्स्टेन्शन उचललं की लाइन तुटली. माझ्या घरी एक्स्टेन्शनवर आईनं लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. मी बसलो की पट्टी रिसीव्हरवरून आडवी, उठलो की बाजूला. बहिणीच्या सासरचे फोन लागेनात, तेव्हा तिकडून तक्रार आली आणि माझी वेळ रात्री दहानंतरची ठरली.

पैसे दोन ठिकाणी जायचे. इंटरनेटचे तास वेगळे आणि टेलिफोनचं बिल वेगळं. लोकल कॉल तीन मिनिटांचा, म्हणजे तासाला वीस कॉल. आणि हे मोठ्या शहरात. ज्या गावाजवळ नोड, म्हणजे इंटरनेटला जोडून देणारं केंद्र, नव्हतं, तिथून शेजारच्या शहराला एसटीडी, म्हणजे बाहेरगावचा कॉल, लावून इंटरनेटला जोडावं लागे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पावपट व्हायचा, म्हणून साताऱ्याकडचे माझे एक नातेवाईक अकराचा गजर लावून बसायचे. अमेरिकेतल्या मुलाची मेल आली का, एवढंच बघायचं असायचं.

मोडेमचा तो किरकिराट कसला होता?

दोन मोडेम एकमेकांशी बोलून वेग ठरवायचे, त्याचा आवाज. फोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली, म्हणून आकडे आवाजात बदलून पाठवावे लागत. तारेत खरखर असली की ते कमी वेगावर यायचे. पावसाळ्यात आमच्याकडे ३३.६ केबीपीएस वेगाचा मोडेम हमखास चौदावर नाहीतर नऊवर बसायचा.

एका फॉरवर्डनं एवढं काय बिघडत होतं? दोन ओळींचीच तर मेल.

दोन ओळींची ती फक्त पहिल्या माणसाकडे असायची. पुढे प्रत्येक टप्प्यावर आधीच्या सगळ्यांचे पत्ते तिच्या डोक्यावर चढत जात आणि डावीकडे बाणांची रांग लांबत जाई. माझ्या हातात आलेल्या एका मेलमध्ये मूळ मजकूर अकरा ओळींचा होता आणि त्याच्यावर साडेतीनशे पत्ते होते. त्यात कुणाच्या बँकेतल्या साहेबांचा होता, कुणाच्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता. हे पत्ते गोळा करून जाहिरातीच्या मेल पाठवणाऱ्यांना आयतं घबाड मिळालं.

आणि हिशोब बघा. प्रत्येकानं दहा जणांना पाठवली, तर सहाव्या फेरीत ती दहा लाखांकडे पोहोचते. हॉटमेल या फुकट मेल सेवेची पेटी तेव्हा दोन एमबीची. फॉरवर्डनं ती भरली की खरी मेल परत जायची. मुलाखतीचं पत्र पेटी भरल्यामुळे परत गेल्याचं प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. त्या मुलाला आठवडाभरानं फोनवर कळलं. तोवर जागा भरली होती.

सल्फएनबीकेचं प्रकरण काय होतं?

इथे जरा थांबतो, कारण या हुलीनं नुसता वेळ खाल्ला नाही, माणसांच्या हातून त्यांचंच नुकसान करवलं.

२००१ च्या मे महिन्यात मेल फिरली की ‘सल्फएनबीके डॉट ईएक्सई’ नावाची फाइल तुमच्या मशीनवर असेल तर तो व्हायरस आहे, १ जूनला जागा होईल, आत्ताच काढून टाका. ही हूल आधी ब्राझीलमध्ये पोर्तुगीज भाषेत उठली होती. तोपर्यंतच्या हुलींमध्ये पडताळून बघण्यासारखं काही नसायचं. या वेळी होतं. माणूस शोधायला जायचा आणि फाइल खरंच सापडायची. सापडणारच, कारण विंडोज ९८ सोबत ती प्रत्येकाच्या मशीनवर आलेली होती.

तिचं काम साधं. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत फाइलचं नाव आठ अक्षरांचं, लांब नाव दिलं की ‘लग्नाचे फोटो’चं ‘लग्ना’ आणि पुढे एक वळवळती रेघ. विंडोजनं लांब नावं आणली. ती लांब नावं जपून ठेवायची आणि गरज पडली तर परत बसवायची, एवढंच ही फाइल करायची. हुलीला कारणही होतं. त्या वर्षी ‘मॅजिस्टर’ नावाचा खरा व्हायरस फिरत होता. तो मशीनवरच्या फाइलींना चिकटून त्या मेलने पाठवायचा, आणि त्यात कधी कधी हीच फाइल असायची. कुणाला तरी ती मेलमधून आली, व्हायरस सापडला, आणि त्यानं नाव लक्षात ठेवलं.

नौपाड्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना ही मेल त्यांच्या मुलाकडून आली, त्याला ऑफिसातल्या मित्राकडून. बाईंनी सूचना कागदावर उतरवून घेतल्या, कारण पडद्यावर मेल आणि शोधायची खिडकी एकदम दिसत नव्हती. स्टार्ट, फाइंड, फाइल्स ऑर फोल्डर्स. नाव टाइप केलं. सापडली. काढली. रीसायकल बिनही रिकामा केला. मग सतरा जणींना मेल पाठवली, सगळ्या जुन्या विद्यार्थिनी.

दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं आणि त्यांनी मला बोलावलं. मी विंडोजची सीडी घातली, सिस्टम फाइल चेकरमधून ती एक फाइल परत काढून जागेवर ठेवली. दहा मिनिटांचं काम. बाई मात्र खुर्चीत तशाच बसून होत्या. ‘मशीनचं सोड रे, त्या सतरा मुलींनी माझं ऐकलं असेल. माझं ऐकायची सवय आहे त्यांना.’ त्यांनी डायरी काढली आणि एकेकीला फोन लावायला सुरुवात केली. पुण्याला, नागपूरला, बडोद्याला, एसटीडीवर, दिवसाच्या पूर्ण दरानं. मी निघालो तेव्हा सहावा फोन चालू होता आणि त्या विचारत होत्या, ‘सीडी आहे का तुझ्याकडे? नसली तर आमचा मुलगा आहे, तो सांगेल काय करायचं ते.’

आणि टेडी बेअरवाली?

तोच प्रकार, २००२ मध्ये. ‘जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई’. तिचा आयकॉन करड्या टेडी बेअरचा, त्यामुळे बघताक्षणी संशय यायचा. ती मायक्रोसॉफ्टचीच, जावाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कामाची फाइल. काढली तरी घरगुती मशीनवर सहसा फरक पडत नसे. मेलमध्ये एक धूर्त वाक्य होतं: नॉर्टन आणि मॅकॅफी या अँटिव्हायरसना हा व्हायरस सापडत नाही. अँटिव्हायरसनं ‘काही नाही’ सांगितलं की लोकांची खात्री उलट वाढायची.

मी तेव्हा यातली एक फाइल काढली होती. आता काही करायला हवं का?

नाही. ते मशीन अजून असेल तर जपून ठेवा, पण त्यासाठी काही करू नका.

म्हणजे त्या काळात खरे व्हायरस नव्हतेच?

होते, आणि भयंकर होते. २६ एप्रिल १९९९ हा दिवस मी विसरणार नाही. सीआयएच, म्हणजे ‘चेर्नोबिल’ व्हायरस त्या दिवशी जागा झाला. तैवानमधल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलेला. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग पुसायचा, काही मदरबोर्डांवरचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅमही खोडायचा. मग मशीन चालूच होत नसे. भारतातही त्यानं भरपूर मशीन पाडली. तो मेलवरच्या इशाऱ्यातून आला नव्हता, तो आला होता हातोहात फिरणाऱ्या प्रोग्रॅमांतून आणि चोरीच्या सीडींतून. हुली वाचून घाबरलेली माणसं त्या सीडी मात्र निर्धास्तपणे घालत होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘मेलिसा’ आला होता, आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांना स्वतःच मेल पाठवणारा. आणि ४ मे २००० ला फिलिपिन्समधून निघालेला ‘आय लव्ह यू’. प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल, शेवटी ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. विंडोज शेवटचा तुकडा लपवायचं, म्हणून ती साधं पत्र वाटायची. उघडली की फोटोंच्या फाइलींवर स्वतःला लिहून टाकायचा. बारशाचे, सहलीचे स्कॅन केलेले फोटो गेलेले मी पाहिले आहेत. ते परत आणता आले नाहीत.

संरक्षणाची आपल्याकडची चांगली गोष्टही सांगायला हवी. पुण्यात कैलास काटकर दुरुस्तीचं दुकान चालवत होते. आलेल्या मशीनमध्ये व्हायरस सापडत, म्हणून त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्यातूनच क्विक हील उभं राहिलं. दुरुस्तीच्या टेबलावर सुरू झालेलं काम म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

शिकलीसवरलेली माणसं अशा मेलला कशी फसली?

मला हा प्रश्नच पटत नाही. ‘फसली’ या शब्दात हाव किंवा अडाणीपणा येतो. मी पाहिलेल्या माणसांत यातलं काही नव्हतं. मेल मुलाकडून, दिराकडून, ऑफिसातल्या भरवशाच्या माणसाकडून आलेली असायची. महागडं मशीन, कर्ज काढून घेतलेलं. आपलं वाचलं, आता दुसऱ्याचंही वाचावं, या भावनेनं ती पुढे जायची. आपल्या माणसाची काळजी हेच त्या हुलीचं इंधन होतं.

हे मेलसोबत आलं असंही नाही. ‘हे पत्र एकवीस जणांना पाठवा, एकानं फाडलं तर त्याचं नुकसान झालं’ अशी पोस्टकार्डं आपल्या घरांत येत होतीच. माझी आजी ती लिहायला मला बसवायची. पण एकवीस कार्डं विकत आणून हातानं लिहायची म्हणजे दोन संध्याकाळी जात, आणि त्यात कधीतरी हात थांबे. मेलमध्ये तो थांबण्याचा वेळच निघून गेला.

या हुली उठवायचं कोण? त्यांना काय मिळायचं?

बहुतेकींचा कर्ता सापडला नाही. काही गंमत म्हणून, काही सल्फएनबीकेसारख्या गैरसमजातून.

पैसे मिळतील, आजारी मुलाला मदत होईल, अशा मेलही त्यातल्याच का?

हो. मायक्रोसॉफ्ट तुमच्या फॉरवर्ड मोजून पैसे देणार, ही तर अजून जिवंत आहे. साध्या मेलच्या फॉरवर्ड अशा मोजता येत नाहीत. आजारी मुलांच्या मेलमध्ये कॅन्सरसाठी काम करणाऱ्या खऱ्या संस्थांची नावं घातलेली असायची आणि त्या संस्थांना जाहीर खुलासे करत बसावं लागलं. मदत करायची असेल तर संस्थेला फोन करून थेट करा.

व्हॉट्सॲपवर तेच चालू आहे. मग हे जुनं कशाला उगाळायचं?

कारण साचा तोच आहे. ‘ऑलिंपिक टॉर्च’ची हूल २००६ मध्ये मेलवर आली, हार्ड डिस्कचा झीरो सेक्टर, म्हणजे अगदी सुरुवातीचा भाग, जाळते म्हणे. तोच मजकूर मला व्हॉट्सॲपवर आला आहे, ज्या मोबाइलमध्ये हार्ड डिस्क नाही त्या मोबाइलवर.

आणि कारण सगळ्याच हुली मशीनपुरत्या राहत नाहीत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून जगणारे गोसावी समाजाचे लोक होते. मुलं पळवणाऱ्यांचे संदेश त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते, आणि तेही काळजीपोटीच पुढे गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली.

खोटी मेल ओळखायची एखादी खूण?

‘सगळ्यांना पाठवा’ हे वाक्य. व्हायरसचा खरा इशारा देणारी संस्था आपल्या पानाचा पत्ता देते, तारीख देते, कोणत्या प्रोग्रॅमला धोका आहे ते सांगते. हुलीत तारीख नसते, ‘काल’ असतं. आज वाचा की पाच वर्षांनी, ते ‘काल’च राहतं.

घरातल्या मोठ्या माणसानं अशी मेल पाठवली तर काय म्हणायचं? वाईट वाटतं त्यांना.

सगळ्यांसमोर, ‘रिप्लाय ऑल’ करून कधीच सांगू नका. मी एकदा एका काकांना तसं सांगितलं होतं, त्यानंतर त्यांनी मला मेल पाठवणंच बंद केलं, खरीसुद्धा. फोन करा. आधी तब्येत विचारा. मग म्हणा, ‘काका, तुमची मेल मिळाली, मी तपासून बघितली, तसं काही नाहीये. फाइल काढली असेल तर मी रविवारी येतो.’ आणि रविवारी खरंच जा, विंडोजची सीडी बरोबर घेऊन.